बुबुळामागची पांढरी चमक

माझ्या मुलीच्या डोळ्यातलं ते पांढरं मी पाहिलं नाही. तिच्या वडिलांनी पाहिलं नाही, सासूबाईंनीही नाही. पाहिलं ते गावात बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीने.

काशीदच्या अलीकडे समुद्राला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी होती. घरात आम्ही चौघं. हे गावच्या शाळेत मास्तर. सासूबाई वाडीचं पाहायच्या आणि मी घरातलं. स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. गोरीपान, हसरी, लवकर चालायला लागलेली. काही कमी आहे असं मनात यायला जागाच नव्हती.

ती सव्वा वर्षाची होती. वैशाखातली दुपार कलली होती आणि उन्हाची तिरीप ओटीवर आडवी आली होती. माझ्या बांगड्या भरून झाल्यावर कासारणीने मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या मनगटात घालायला चिमुकल्या काळ्या बांगड्या काढल्या. मुलगी मान वळवून उजेडाकडे पाहायला लागली, तशी कासारणीचा हात थांबला.

"वयनी, हिला जरा अशीच धरा बगू," ती म्हणाली.

मी धरली. कासारीण एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे. मग तिने बांगड्या पेटाऱ्यात परत ठेवल्या.

"हिच्या उजव्या डोळ्यात मांजरावानी चमक हाय. तुमी बगितली न्हाय?"

मी पाहिलं, पण मला काही दिसेना. तिने माझं डोकं धरून स्वतः होती तिथे आणलं, आणि मग दिसलं. काळ्या बाहुलीच्या आत, खोल कुठेतरी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं पांढरट काहीतरी क्षणभर उजळलं. मुलीने मान हलवली आणि ते गेलं.

"म्हसळ्याकडं एका घरी असंच पोर बगितलं व्हतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लोक बोललं, देवीचं तेज हाय. वरीस झालं न्हाय तवर डोळा भायेर आला. पोर न्हाय ऱ्हायलं. तुमाला भ्या घालत न्हाय, वयनी. पन आदी डाक्टर करा. बांगड्या मागनं भरू."

सासूबाई आतून ऐकत होत्या. कासारीण गेल्यावर त्या म्हणाल्या, "पोर एवढी खेळतेय. हिला काय झालंय? येणारीजाणारी काहीही बोलते." पण त्यांनीही मुलीला उचलून ओटीच्या कडेला नेलं आणि तिचा चेहरा पुन्हा पुन्हा उन्हाकडे फिरवला.

हे शाळेतून आल्यावर मी सांगितलं. यांनी मुलीला समोर बसवलं, हातात लाकडी चमचा दिला, आणि खेळता खेळता तिच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा धरला. ती चमचा आपटत राहिली. मग यांनी तळवा डाव्या डोळ्यावर धरला. तिने लगेच हात ढकलला. पुन्हा धरला, पुन्हा ढकलला, आणि तिसऱ्या वेळी रडायला लागली. यांनी हात काढून घेतला आणि तो तसाच हवेत धरून बसले.

"उजव्याने तिला दिसत नाहीये," हे म्हणाले.

आजही मला याचं आश्चर्य वाटतं. कुणी न शिकवता एका मास्तराने तळहाताने तपासलं होतं. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनीही पहिल्यांदा नेमकं तेच केलं.

दुसऱ्या दिवशी साळावला तरीत बसून खाडी ओलांडली, आणि रेवदंड्याहून मोटारीने अलिबागला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मुलीला खिडकीशी नेऊन पाहिलं आणि एक चिठ्ठी लिहून दिली. "हे माझं काम नाही," ते म्हणाले. "मुंबईला जा. बोटी अजून चार-सहा दिवस चालतील, मग पावसाळ्याच्या बंद होतील. उद्याच निघा."

रेवसहून बोटीने आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो. मुंबईत यांच्या आतेभावाकडे राहिलो आणि चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. उंच, किडकिडीत माणूस. मुलीला हात लावण्याआधी ते दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे. बाकी त्यांच्या बोलण्यात गोंजारणं नव्हतं. त्यांनी मुलीला गुंगी देऊन दोन्ही डोळे तपासले, मग आम्हाला समोर बसवलं.

"डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो," ते म्हणाले. "आपण बघतो ते त्याच्यावर उमटतं. त्या पडद्यातून गाठ वाढलीये. कर्करोगच आहे हा. लहान मुलांना फार क्वचित होतो, आणि बहुधा जन्मतःच त्याचं बी डोळ्यात असतं."

"औषध?" यांनी विचारलं.

"डोळा काढणं."

माझ्या मांडीवर मुलगी गुंगीत झोपली होती. मी म्हणाले, "एवढ्याशा पोरीचा डोळा काढायचा?"

"बाई, त्या डोळ्याने ती आत्ताही पाहत नाहीये. डोळा हा खरं म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला अंकुर आहे. आईच्या पोटात मेंदू घडतो ना, तेव्हा त्यालाच दोन कोंब फुटतात, त्यांचे डोळे होतात. मेंदूशी जोडणारी शीर शेवटपर्यंत तशीच राहते. ही गाठ त्या शिरेच्या वाटेने मेंदूत शिरते. तिच्या आधी आपल्याला पोचायचंय."

यांनी झोपलेल्या मुलीच्या कपाळावर हात ठेवला. मग म्हणाले, "माझा एक डोळा तिला बसवता येईल?"

"नाही. अजून कुणालाच ते जमलेलं नाही."

कागदावर सही यांनी केली. यांचं अक्षर इतकं सुरेख की गावातले लोक लग्नपत्रिकेचा मजकूर यांच्याकडून लिहून घ्यायचे. त्या कागदावरची सही एखाद्या पहिलीतल्या मुलाची वाटावी अशी उमटली.

शस्त्रक्रिया झाली. दोन दिवस मुलगी कण्हत होती आणि मी तिच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे पाहत बसले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातातली वाटी ओढून दूध प्यायलं, खाटेवरून खाली उतरली, पलीकडच्या खाटेवरच्या बाईच्या पिशवीत हात घातला आणि तिथलं केळं काढलं. पलीकडची बाई हसायला लागली. मी हसले की रडले ते मला आठवत नाही. मला एवढंच वाटलं, की आपण हिचं किती मोठं काहीतरी काढून घेतलं असं समजत होतो, आणि ही तर कधीची पुढे निघून गेली आहे.

पाचव्या दिवशी डॉक्टर आले ते नेहमीपेक्षा हलक्या पावलांनी. "शिरेचं कापलेलं टोक तपासलं," ते म्हणाले. "स्वच्छ आहे. गाठ तिथवर पोचलेली नव्हती." मग ते यांच्याकडे वळले. "आता तुम्हा दोघांचे डोळे पाहायचेत."

"आमचे कशाला? आम्हाला चांगलं दिसतं."

"कधी कधी हे घराण्यातून येतं."

आमच्या डोळ्यांत थेंब घातले. तासाभराने त्यांनी आधी मला पाहिलं. कपाळावरच्या गोल आरशातून येणारा तो उजेड थेट डोक्याच्या आत शिरतोय असं वाटत होतं. माझ्यात काही नव्हतं. मग त्यांनी यांचा उजवा डोळा पाहिला, नंतर डावा. डावा पाहायला लागले आणि संपवेचनात. भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. यांना वर पाहायला लावलं, खाली पाहायला लावलं.

शेवटी ते खुर्चीत मागे टेकले.

"डाव्या डोळ्याने बाहेरच्या कडेला तुम्हाला कमी दिसतं का?"

"थोडं," हे म्हणाले. "तिकडे एक जागा कोरी असते. पण ती सगळ्यांनाच असते ना?"

"जाणवेल एवढी नसते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं हा माणूस असं समजत होता की प्रत्येकाच्या डोळ्यात अशी कोरी जागा असते.

"तुमच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर एक जुना व्रण आहे," डॉक्टर सावकाश सांगत होते. "खडूच्या भुकटीसारखा पांढरा, भोवती काळी कड. तुमच्या मुलीला झालं तेच तुम्हालाही लहानपणी झालं होतं. पण तुमच्यात ते आपोआप थांबलं आणि सुकून गेलं. असं होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं."

"का थांबलं?"

"माहीत नाही."

इतका शिकलेला माणूस इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हणतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. ते बोलताना त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा उतरला होता.

त्या दिवशी थेंबांमुळे यांना जवळचं काही वाचता येत नव्हतं. रस्त्यावरच्या पाट्या मी वाचून दाखवत होते आणि यांचा हात धरून चालत होते.

बोटी बंद झाल्या होत्या, म्हणून पनवेल-पेणच्या रस्त्याने मोटारीने घरी परतलो. हे शाळेत जायला लागले, पण मुलीला जवळ घेईनात. ती हात वर करून समोर उभी राहायची, तेव्हा हे काहीतरी काम काढून उठायचे. आठवडाभर मी पाहिलं. मग एका सकाळी हे विहिरीवर पाणी काढत असताना मी जाऊन उभी राहिले.

"तिला का टाळता?"

"माझ्याकडून आलंय ते," हे रहाटाकडे पाहत म्हणाले. "मी दिलंय तिला."

"आणि तुमच्यात ते थांबलं ते कुणी थांबवलं? तुमच्याच अंगाने ना? त्या अंगाचंही थोडं तिच्याकडे आलं असेल."

यांनी घागर पुन्हा विहिरीत सोडली. पण दुपारी मी मागच्या दारी गेले तर मुलगी यांच्या खांद्यावर बसली होती आणि हे तिला सुपारीचे घड दाखवत होते.

सासूबाईंना सांगायचं की नाही यावर आमचं एकमत नव्हतं. शेवटी यांनीच सांगितलं. त्या सुपाऱ्या सोलत होत्या. ऐकून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तू दोन वर्षांचा होतास," त्या म्हणाल्या. "डावा डोळा लालभडक झाला, सुजून मिटला. महिनाभर तू रडत होतास. मी धण्याच्या पाण्याच्या घड्या ठेवायची. कुणी सांगितलं म्हणून अंगावरचं दूध घालायची. शेवटी ग्रामदेवीला चांदीचे डोळे वाहीन म्हणून बोलले. मग उतरलं. डोळे वाहिले मी. त्यानंतर कधी तुला विचारलं नाही, नीट दिसतं का म्हणून. वाटलं, विचारलं तर देवीवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

त्या आमच्याकडे पाहत होत्या. आम्ही हसू असं त्यांना वाटलं असावं. आम्ही हसलो नाही.

तीन महिन्यांनी मुलीला दाखवायला गेलो तेव्हा यांनी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी वही काढली. महिनाभर म्हणजे नक्की किती दिवस, सूज आधी की लाली आधी, ताप होता का, असं विचारत सगळं लिहून घेतलं. चांदीचे डोळेही लिहिले. वही मिटून म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, त्यांचं खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्याकडे दुसरं उत्तर असतं तर म्हणालो असतो."

त्याच भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुढे मूल झालं तर त्यालाही हे होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. ऐकून आम्ही पाच वर्षं दुसऱ्या मुलाचा विषय काढला नाही.

मुलीला काचेचा डोळा बसवला. रंग इतका जुळला होता की अनोळखी माणसाला कळायचं नाही. मुलं चिडवायची, पण चार दिवस. ती तो डोळा काढून तळहातावर ठेवून दाखवायची आणि मुलंच पळायची. उजवीकडून कुणी आलं तर ती दचकायची, पायरीचा अंदाज चुकून पडायची. मग तिने आपलं आपणच शोधून काढलं, की डोकं जरा इकडेतिकडे हलवलं की जवळची वस्तू जास्त सरकते आणि लांबची कमी. चालताना ती मान किंचित डोलवायची. लोकांना ती लकब वाटायची. ती अंतर मोजत असायची. पुढे सुईत दोरा ओवायला सासूबाई तिलाच हाक मारायच्या.

ती साडेसहा वर्षांची असताना मला मुलगा झाला. ठरवून नव्हे. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा हे फक्त म्हणाले, "यावेळी आपल्याला कुठे पाहायचं ते माहीत आहे." मूल तीन आठवड्यांचं होताच आम्ही मुंबई गाठली. डॉक्टरांनी तळवे घासले, डोळे तपासले, आणि म्हणाले, "आज काही नाही." आज, एवढंच. पुढची पाच वर्षं आम्ही तो एकच शब्द ऐकायला जात होतो. दर वेळी बोटीत मी मुलाच्या डोळ्यांत पाहायची आणि हे समुद्राकडे. पाच वर्षं पुरी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता वर्षातून एकदा आणा." त्या दिवशी यांनी धक्क्यावर दोन्ही मुलांना बर्फाचे गोळे घेऊन दिले आणि स्वतःही खाल्ला. मास्तरांना रस्त्यावर गोळा खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुलगी अकरा वर्षांची झाली, तेव्हाच्या एका खेपेला हे शाळेच्या कामामुळे आले नव्हते. तपासणी झाल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं, "माझा डोळा तुम्ही कुठे ठेवलाय?"

मी तिला गप्प करायला गेले. डॉक्टरांनी मला थांबवलं.

"बघायचाय?"

"हो."

ते आम्हाला खाली प्रयोगशाळेत घेऊन गेले. कपाटातून एक काचपट्टी काढली. तिच्यावर नखाएवढा जांभळट डाग होता. डोळ्याचे अगदी पातळ काप काढून, रंग देऊन ते काचेवर जपून ठेवतात, असं त्यांनी सांगितलं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून ते तिला म्हणाले, "ये. याला एकच डोळा लागतो. दोन असलेले लोक दुसरा मिटून घेतात."

ती स्टुलावर चढली. बराच वेळ वाकून राहिली.

"फुलं आहेत," ती म्हणाली. "बकुळीची. मधे भोक आहे आणि कडेने पाकळ्या."

मग मी पाहिलं. खरंच, जांभळ्या ठिपक्यांची वर्तुळं, एकाशेजारी एक, प्रत्येकाच्या मध्यभागी रिकामी जागा. कुणी ओवायला घ्यावीत अशी. दहा वर्षं ज्याचा मी मनातल्या मनात राक्षस केला होता, ते हे होतं. आणि तरी मला तिथून नजर काढवेना.

"हे ठिपके म्हणजे पेशी," डॉक्टर म्हणाले. "यांना पडदा व्हायचं होतं. पाहायचं होतं. पाहणाऱ्या पेशी जशा रांगेत बसतात, तसं बसायचा हा त्यांचा प्रयत्न आहे. पण वाढायचं कुठे थांबायचं, ते त्यांना कळलं नाही."

"त्या खातात काय?" मुलीने विचारलं.

"साखर. आपलं सगळं अंगच साखर खातं. पण बाकीच्या पेशी श्वासातल्या हवेबरोबर ती जाळतात, म्हणजे थोड्याशा साखरेत पुष्कळ काम होतं. या पेशींना हवा मिळत असली तरी त्या ती पुरती वापरत नाहीत. साखर नुसती आंबवतात आणि पुन्हा मागतात."

"माडाची माडी आंबते तशी," ती म्हणाली. "सकाळी गोड असते, दुपारपर्यंत आंबते."

दारूबंदीचे दिवस होते. मी ओशाळून म्हणाले, "आमच्याकडे नीरा काढतात." डॉक्टर हसले. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"तशीच नाही, पण त्याच जातीची गोष्ट," ते म्हणाले. "आणि ऐक, याहून नवल सांगतो. हा जो तुझा चांगला डोळा आहे ना, त्याचा पडदाही थोडंफार असंच करतो. हवा असून साखर आंबवतो. निरोगी शरीरात असं करणारं फार काही नाही. आपण नुसतं बघत बसलो तरी तो अखंड खात असतो."

"का?"

"ते तू शिकून मला सांग."

बोटीत ती कठड्याशी उभी राहून पाण्याकडे पाहत होती. एरवी बोटीत तिची बडबड थांबायची नाही. मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बघतेय. पडद्याला खायला लागत असेल."

घरी आल्यावर तिने वडिलांच्या वहीतला कागद घेतला, पेन्सिलीने ती वर्तुळं काढली आणि यांच्यापुढे धरली. हे चष्मा लावून पाहत राहिले.

"माझ्या डोळ्यातही हेच होतं?"

"तुमची फुलं सुकली, बाबा," ती म्हणाली.

सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांनी कागद उजेडाकडे नेला, लांब धरला, जवळ धरला. ते काय आहे हे मी त्यांना सांगितलं. फुलं नाहीत, तो रोग आहे, असं स्पष्टच सांगितलं. त्या कितीतरी वेळ पाहत होत्या.

"असं दिसतं होय ते," त्या म्हणाल्या, आणि कागद खाली न ठेवता पुन्हा पहिल्यापासून पाहू लागल्या.